श्रेय डब्याला, मेहनत स्नायूंची

जिम सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत बहुतेकांची ताकद झपाट्यानं वाढते. ज्या वजनाखाली हात थरथरत होते, तेच वजन दीड महिन्यात सहज उचललं जातं. नेमका याच काळात प्रोटीन पावडरचा पहिला डबाही घरात आलेला असतो. मग श्रेय कोणाला जातं ते सांगायला नको.

खरं तर या सुरुवातीच्या ताकदीत स्नायूंच्या आकाराचाही वाटा थोडाच असतो, पावडर दूरच राहिली. पहिले काही आठवडे सुधारतं ते मुख्यतः मज्जासंस्थेचं काम. एका वेळी जास्त स्नायुतंतू कामाला लावणं तिला जमू लागतं, विरुद्ध बाजूचे स्नायू उगाच आवळले जात नाहीत, हालचाल अंगवळणी पडते. मोजपट्टीवर दिसेल इतका दंड वाढायला आणखी काही आठवडे लागतात. तो वाढतो, कारण हा ताण शरीराला नवा असतो. व्यायामानंतर स्नायूंत नवी प्रथिनं बनण्याचा वेग एक-दोन दिवस चढा राहतो. मुरलेल्या व्यायामपटूत तो लवकर उतरतो, नवख्यात जास्त वेळ टिकतो. आयुष्यात सगळ्यात सोपी वाढ मिळण्याचा हा काळ, आणि नेमकं तेव्हाच माणूस सर्वात जास्त डबे विकत घेतो.

प्रथिनं लागतात, यात वाद नाही. प्रश्न आहे तो किती लागतात आणि कुठून घ्यायची एवढाच. २०१८ साली ४९ प्रयोगांचा, म्हणजे १८६३ लोकांचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सगळे वजनाचा व्यायाम करणारे; काहींना वरून प्रथिनं दिलेली, काहींना नाही. चरबी सोडून शरीराचं जे वजन उरतं, ते नुसत्या व्यायामानं सरासरी १.१ किलोच्या आसपास वाढलं. जादा प्रथिनांनी त्यात भर घातली ती ०.३ किलोची. ही भर खरी आहे, पण छोटी आहे. दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण १.६ ग्रॅम प्रथिनांच्या पुढे तर सरासरीत जास्तीचा फायदा दिसलाच नाही. आणखी एक गोष्ट जाहिरातीत कधी येत नाही: जादा प्रथिनांचा उपयोग आधीपासून व्यायाम करणाऱ्यांना अधिक झाला, नवख्यांना कमी.

साठ किलोच्या माणसासाठी हा हिशोब होतो ९६ ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, शंभर ग्रॅम शिजलेल्या चिकनच्या छातीच्या भागात तीस, तेवढ्याच शिजलेल्या मसुरीत नऊ, मूठभर शेंगदाण्यांत सात. तीन-चार जेवणांत विभागलं तर मांस-अंडी खाणाऱ्याचा आकडा फारशी ओढाताण न करता गाठला जातो. शाकाहाऱ्याला मात्र पोटाला जागा करावी लागते, कारण कडधान्यांतून प्रथिनांबरोबर पिष्ट आणि तंतूही भरपूर येतात. ते आरोग्याला चांगलेच, पण भूक लवकर भागवतात. पावडरीला खरा अर्थ आहे तो इथे. २०२१ साली ब्राझीलमध्ये पूर्ण वनस्पतिजन्य आहार घेणारे आणि सर्व खाणारे असे तरुण पुरुष बारा आठवडे व्यायामाला लावले. पहिल्यांना सोयाची, दुसऱ्यांना व्हे पावडर देऊन दोघांची प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत नेली. स्नायूंच्या वाढीत फरक पडला नाही.

व्हे म्हणजे तरी काय? चीज करताना दूध फाटतं, तेव्हा सुटणारं पाणी. दुधातल्या प्रथिनांचा सुमारे पाचवा हिस्सा त्यात असतो, तो वेगळा काढून वाळवतात. पचायला हलकं, ल्युसिन या अमिनो आम्लानं समृद्ध. स्नायू बांधायला सुरुवात करा, असा इशारा पेशींना देण्यात ल्युसिन पुढे असतं. चांगला पदार्थ आहे, पण दुधाचाच एक भाग आहे.

अख्ख्या अन्नात काही जास्तीचं असतं का? २०१७ साली इलिनॉय विद्यापीठात तरुणांना व्यायामानंतर एकदा अख्खी अंडी आणि एकदा नुसता पांढरा बलक दिला. दोन्हींत प्रथिनं सारखीच, १८ ग्रॅम. अख्ख्या अंड्यांनी स्नायू-प्रथिनांची निर्मिती जास्त वाढवली. पिवळ्या बलकातल्या कशामुळे, हे त्या प्रयोगातून ठरलं नाही. शिवाय मोजमाप काही तासांचं होतं; त्यावर वर्षभराच्या दंडांचं भाकीत करू नये. पण पिवळा बलक टाकून देणाऱ्यांनी थोडा विचार करायला हरकत नाही.

व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेक पोटात गेलाच पाहिजे, या धास्तीलाही फारसा आधार नाही. दिवसभराची एकूण प्रथिनं सारखी ठेवली की वेळेचा फायदा जवळजवळ नाहीसा होतो. २०२३ च्या एका डच प्रयोगात व्यायामानंतर एकदम १०० ग्रॅम दुधाची प्रथिनं दिली, तर शरीर ती बारा तासांहून जास्त वेळ वापरत राहिलं. घरी जाऊन नीट जेवलं तरी चालतं.

आता डब्यावरच्या आकड्याबद्दल. प्रथिनं मोजायची जुनी, अजूनही वापरात असलेली पद्धत डॅनिश रसायनतज्ज्ञ योहान केल्डाल यांची, १८८३ ची. तिच्यात मोजला जातो तो नायट्रोजन, आणि त्याला सहसा ६.२५ नं गुणून प्रथिनांचा अंदाज काढतात. नायट्रोजन कुठून आला हे यंत्राला कळत नाही. म्हणून ग्लायसिन किंवा टॉरिनसारखी स्वस्त द्रव्यं मिसळली की कागदावरची प्रथिनं फुगतात. घ्यायचीच असेल तर स्वतंत्र प्रयोगशाळेनं तपासलेली पावडर घ्यावी. अंड्याबाबत हा प्रश्न येत नाही.

बीसीएए, म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांची पावडर, घेणं नवख्यानं सोडूनच द्यावं. शरीराला स्वतः बनवता न येणारी, आवश्यक अमिनो आम्लं नऊ, आणि या डब्यात त्यातली तीनच असतात. उरलेली सहा नसतील तर बांधकाम अडतं, आणि नीट जेवत असाल तर ही तीन पोटात गेलेलीच असतात.

क्रिएटिनचं प्रकरण मात्र वेगळं आहे, आणि सगळ्या दुकानातून एकच डबा घ्यायचा झाला तर माझं मत त्यालाच. १८३२ साली शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञानं ते मांसातून वेगळं काढलं. शरीर स्वतःही ते बनवतं. थोड्या सेकंदांच्या जोरकस कामात स्नायूंची खर्च झालेली ऊर्जा ते पटकन भरून देतं, त्यामुळे एका सेटमध्ये वजन एखाद्या वेळी जास्त उचललं जातं. रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतं. एवढं जेवणातून मिळवायचं तर जवळजवळ किलोभर मांस खावं लागेल. मांस न खाणाऱ्यांच्या स्नायूंत साठा मुळात कमी असतो, म्हणून त्यांना फरक जास्त जाणवू शकतो. सुरुवातीला वजन किलोभर वाढलं तर ते बहुतांशी स्नायूंत साठलेलं पाणी असतं.

क्रिएटिन घेत असताना रक्ततपासणी केली तर क्रिएटिनिनचा आकडा थोडा चढा येऊ शकतो. मूत्रपिंडाचं काम याच आकड्यावरून जोखतात, पण क्रिएटिनिन बनतं क्रिएटिनपासूनच, त्यामुळे मूत्रपिंड ठणठणीत असूनही अहवाल शंकास्पद दिसतो. म्हणून डॉक्टरांना आपण काय घेतो हे आधीच सांगावं. मूत्रपिंडाचा आजार असेल, तर क्रिएटिन आणि जादा प्रथिनं दोन्ही त्यांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.