एंडोमेट्रिओसिस स्वमदत गट

एंडोमेट्रिओसिस स्वमदत गट : एंडोमेट्रिओसिस झालेल्या स्त्रियांनी त्याच आजाराच्या इतर स्त्रियांसाठी विनामोबदला चालवलेली मदतीची व्यवस्था. कुठे ती महिन्यातून एकदा भरणाऱ्या बैठकीची असते, कुठे ठरावीक वेळी उचलल्या जाणाऱ्या फोनची, तर कुठे तपासणीच्या दिवशी दवाखान्यात सोबत येणाऱ्या बाईची. मदत करणारी डॉक्टर नसते, समुपदेशकही नसते. तीही कधीतरी अशीच पोट दाबून बसलेली असते. या व्यवस्थेचे बळ त्यातच आहे आणि तिच्या मर्यादाही.

महाराष्ट्रात ‘गट’ म्हटले की आधी बचत गट आठवतो. पण आजारासाठी एकत्र येण्याची वाटही इथे नवी नाही. १९८६ साली पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. कोड असणाऱ्यांसाठी श्वेता असोसिएशन आहे, कंपवातासाठी पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. एंडोमेट्रिओसिसच्या गटात ही सुबक विभागणी टिकत नाही. आजची शुभंकर पुढच्या पाळीला शुभार्थी होऊन त्याच फोनवर येते.

आजाराविषयी थोडक्यात. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते : बीजकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावर. संप्रेरकांच्या चढउताराबरोबर तिथे दाह होतो, व्रण राहतात, शेजारचे अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुने रक्त साठून होणारी गाठ म्हणजे ‘चॉकलेट सिस्ट’. आजाराचे लांबलचक नाव ज्या घरात कुणी ऐकलेले नसते, तिथेही हा शब्द कधीतरी कानावरून गेलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे. औषधांनी तो आटोक्यात ठेवता येतो, शस्त्रक्रियेने आराम पडतो. कायमचा बरा करणारा उपाय अद्याप नाही.

गटांची गरज निर्माण झाली ती मात्र दुखण्यापेक्षाही निदानाला लागणाऱ्या वेळामुळे. पाळीत दुखायचेच, हे आईनेच सांगितलेले असते, कारण तिलाही तिच्या आईने तेच सांगितलेले असते. ‘लग्न झालं की थांबेल’, ते झाले की ‘एक बाळंतपण होऊ दे, मग बघ’. (गरोदरपणात काहींना तात्पुरता आराम पडतो, त्याने आजार जात नाही.) त्यात सोनोग्राफीचा अहवाल ‘नॉर्मल’ येतो. ओटीपोटाच्या आतल्या पडद्यावरचे या ऊतीचे वरवरचे ठिपके साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत. पोटात दुर्बीण घालून पाहिल्याशिवाय निदान पक्के नाही, असेच कित्येक दशके मानले जाई. दुर्बिणीचा आग्रह युरोपीय तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांनी २०२२ साली सोडला. तोवर बाईकडे पुरावा एकच असे, तिचा शब्द.

तो शब्द खरा मानण्यापासून गटाचे काम सुरू होते.

अशी पहिली संस्था अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरात १९८० साली मेरी लू बॅलवेग आणि कॅरोलिन कीथ यांनी सुरू केली : एंडोमेट्रिओसिस असोसिएशन. बॅलवेग स्वतः या आजाराच्या रुग्ण. परस्परांना आधार द्यायचा, लोकांना माहिती द्यायची, इतपत हेतू कोणत्याही मंडळाचा असतो. या बायकांनी त्यापुढचे एक काम केले. त्या सभासदांकडून प्रश्नावल्या भरून घेऊ लागल्या : दुखणे कितव्या वर्षी सुरू झाले, किती डॉक्टर झाले, आणखी कोणते आजार आहेत. एकटीने सांगितली तर कुरकूर वाटणारी गोष्ट हजारोंनी लिहून दिली की तिची आकडेवारी होते. संस्थेने १९९८ साली सभासदांची पाहणी केली. ३,६८० स्त्रियांच्या त्या उत्तरांवर सरकारी आरोग्य संस्थेतील संशोधकांनी काम केले आणि २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९९ टक्के स्त्रियांनी वेदना नोंदवल्या होत्या, ४१ टक्क्यांनी वंध्यत्व. दुखणे सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी दहाएक वर्षे गेलेली होती. थायरॉइडचे विकार, सततचा थकवा, अ‍ॅलर्जी यांचे प्रमाणही सर्वसाधारण स्त्रियांपेक्षा जास्त दिसले. अर्थात संस्थेची सभासद होते ती बहुधा जास्त त्रास असलेली बाई, त्यामुळे हे आकडे सगळ्या रुग्णांना जसेच्या तसे लावता येत नाहीत. तरीही ‘हा फक्त पाळीचा आजार नाही’ हे रुग्ण वर्षानुवर्षे सांगत होत्या, त्याची दखल घ्यावी लागली.

ब्रिटनमध्येही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अशी संस्था उभी राहिली. आज ती ‘एंडोमेट्रिओसिस यूके’ म्हणून ओळखली जाते. तिथली पद्धत जास्त आखीव आहे. गावोगावचे गट प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेविका चालवतात, मदतीच्या फोनवरही स्वतः आजार अनुभवलेल्या स्वयंसेविका असतात. २०१७ साली तिथल्या राष्ट्रीय उपचार मार्गदर्शिकेने डॉक्टरांना सांगितले, की निदान वा संशय असलेल्या स्त्रीला अशा संस्थांची आणि स्थानिक आधाराचीही माहिती द्या. औषधाच्या चिठ्ठीवर गटाचा पत्ता येणे ही साधी गोष्ट नव्हे. पुढे २०२० साली ब्रिटिश संसदेतील सर्वपक्षीय गटाने केलेल्या चौकशीत दहा हजारांहून जास्त जणींनी उत्तरे दिली. निदानापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे दहापेक्षा जास्त खेपा घातलेल्या त्यांत ५८ टक्के होत्या, आणि निदानाला सरासरी आठ वर्षे लागली होती. मार्च हा या आजाराच्या जागृतीचा महिना आणि त्याचा पिवळा रंग हेही अशाच संस्थांनी रुजवले.

बैठकीत नेमके होते काय? खुर्च्या गोलात, दाराजवळची एक मुद्दाम रिकामी, उशिरा येणारीसाठी किंवा मध्येच उठून जावे लागणारीसाठी. गरम पाण्याची पिशवी कुणाच्या मांडीवर दिसली तर कुणी विचारत नाही. पहिल्यांदा आलेली बाई बहुतेक वेळा जाडजूड फाईल घेऊन येते आणि ती उघडायला लागते. अनुभवी स्वयंसेविका म्हणते, ‘फाईल राहू दे, तू सांग.’ मग ती सांगते, तेही आपली चूक कबूल केल्यासारखे : शौचाला बसले की आतून सुरी फिरते, पाळीच्या चार दिवसांत सुट्टी मागायची तर साहेबांना काय कारण द्यायचे. समोरची मान हलवते. ‘हो, मलाही’ हे दोन शब्द या खोलीत सर्वांत जास्त वेळा ऐकू येतात.

आधाराच्या बरोबरीने इथे एक कसबही शिकवले जाते : डॉक्टरसमोर आपले दुखणे कसे मांडायचे. तपासणीला मिळतात जेमतेम दहा मिनिटे. त्यात ‘खूप दुखतं हो’ म्हणून काही साधत नाही, कारण ते वाक्य डॉक्टरांनी सकाळपासून वीस वेळा ऐकलेले असते. म्हणून गटात वेदनांची वही ठेवायला लावतात. तारीख, पाळीचा कितवा दिवस, दुखणे कुठे, शून्य ते दहा यांत किती, किती गोळ्या घेतल्या, कोणते काम अडले. तीन महिन्यांची वही झाली की वाक्य बदलते : ‘जूनमध्ये पाच दिवस कामावर गेले नाही, दोनदा जिन्यात बसावं लागलं, पाळी नसतानाही आठ दिवस दुखलं.’ ‘पाळी नसतानाही’ हे शब्द डॉक्टरांची मान वर करायला लावतात. गोळ्यांच्या रकान्यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे मेफेनामिक आम्लाची गोळी पाळीत चणे-फुटाण्यांसारखी खाल्ली जाते. तिच्या गंभीर अ‍ॅलर्जीबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ च्या अखेरीस सावधगिरीची सूचना काढली होती. आपण महिन्याला किती गोळ्या घेतो, याचा धक्का अनेकींना वही पाहूनच बसतो.

गटात गेल्याने गाठी आक्रसत नाहीत. तिथे कमी होतो तो एकटेपणा आणि स्वतःवरचा अविश्वास, आणि तोही नेहमी होतोच असे नाही. मला लागू पडलेले औषध तुलाही पडेल, या भाबड्या खात्रीत मोठा धोका असतो. एकीला ज्या संप्रेरकाच्या गोळीने जीवदान मिळते, त्याच गोळीने दुसरी नैराश्यात जाते. म्हणून बऱ्या गटांत औषधाचे नाव सुचवायचे नाही, डॉक्टर ठरवून द्यायचा नाही, ‘शस्त्रक्रिया कर’ किंवा ‘करू नकोस’ म्हणायचे नाही, असे नियम असतात. ते मोडलेही जातात. शिवाय गटात सगळ्यांत वाईट अनुभव सर्वांत मोठ्याने सांगितला जातो. ज्यांना उपचाराने बरे वाटले त्या यायच्या बंद होतात, आणि नवी मुलगी घाबरून घरी जाते.

दुसरा पेच मुलांचा. मूल होत नाही म्हणून आलेली आणि दिवस गेल्याची बातमी घेऊन आलेली, दोघी एकाच गोलात बसलेल्या असतात. पेढे वाटायचे की नाहीत, इतका साधा प्रश्नही तिथे अवघड होतो. काही ठिकाणी वंध्यत्वासाठी वेगळी बैठक ठेवतात. आणि स्वयंसेविकेचे काय? ती दुसरीचे ऐकताना स्वतःचेच जुने दिवस पुन्हा जगत असते. पाळी पाहून फोनवरच्या पाळ्या लावणे हा विनोद वाटेल, पण तो वेळापत्रकाचा खरा भाग आहे.

भारतात या आजाराचे संशोधन आणि शस्त्रक्रिया पुढे गेल्या. मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने देशातल्या अनेक केंद्रांना धरून रुग्णांचा अभ्यास हाती घेतला. रुग्णांचे स्वतःचे गट मात्र मोठ्या शहरांत, इंग्रजी बोलणाऱ्यांत आणि मुख्यतः फोनवर आहेत. त्यांची खरी निकड कुठे आहे, हे बीड जिल्ह्याकडे पाहिले की कळते. तिथल्या ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी २०१९ साली राज्य सरकारच्या समितीने केली, तेव्हा ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्या सगळ्यांना एंडोमेट्रिओसिस होता असे मुळीच नाही, त्यामागे मजुरी, मुकादम आणि खाडा यांचे गणित होते. पण ‘पिशवी काढली की दुखणं संपलं’ ही समजूत तीच आहे. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाबाहेरची ऊती मागे राहिली तर पिशवी काढूनही दुखू शकते. हे फडावरच्या बाईला तिच्याच बोलीत सांगणारी, स्वतः त्यातून गेलेली बाई अजून क्वचितच भेटते.

बैठकीत शेवटपर्यंत न निघणारा विषय म्हणजे नवऱ्याबरोबरच्या संबंधांच्या वेळी होणारी वेदना. आजाराचे ते नेहमीचे लक्षण आहे आणि वहीत त्याचा रकानाही असतो. तो बहुधा कोराच राहतो. बोलणे निघते ते बैठक संपल्यावर, दारात, चपला घालता घालता, खाली पाहून. म्हणून जुन्या स्वयंसेविका वेळ झाली तरी लगेच दिवे बंद करत नाहीत. उगाच खुर्च्या आवरत राहतात.