ॲटिपिकल पार्किन्सनिझम, वृद्धांमधील

कंपवाताप्रमाणे हालचाली मंदावणे, अंग ताठरणे व तोल जाणे ही लक्षणे दाखवणारा, पण अधिक वेगाने वाढणारा आणि लेव्होडोपा या कंपवातावरील मुख्य औषधाला फारशी दाद न देणारा मेंदूविकारांचा गट. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी (पीएसपी), मल्टिपल सिस्टिम ॲट्रॉफी (एमएसए) व कॉर्टिकोबेसल डिजनरेशन (सीबीडी) हे त्यातील प्रमुख विकार होत. लेवी बॉडी डिमेन्शियाही बहुधा याच गटात धरतात. पीएसपी व सीबीडीत टाऊ, तर उरलेल्या दोहोंत अल्फा-सायन्यूक्लिन हे प्रथिन पेशींत साठते.

पीएसपीचे वर्णन टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन व ओल्शेव्स्की यांनी केले. त्याचे साल कोठे १९६३, तर कोठे १९६४ असे आढळते. पहिले परिषदेतील मांडणीचे, दुसरे सविस्तर निबंधाचे असून येथे दुसरे ग्राह्य धरले आहे. सीबीडीवरील १९६८ च्या निबंधाच्या लेखकांतही एक रिचर्डसन आहेत, पण ते बॉस्टनचे. दोघांची गल्लत होते. एमएसएची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. देजेरीन व तोमा यांनी १९०० मध्ये वर्णिलेला अनुमस्तिष्काचा (लहान मेंदूचा) ऱ्हास, शाय व ड्रेगर यांनी १९६० मध्ये नोंदवलेला रक्तदाब घसरण्याचा विकार आणि स्ट्रायाटोनायग्रल डिजनरेशन (हालचालींचे नियमन करणाऱ्या मेंदूतील खोल केंद्रांचा ऱ्हास) हे तिन्ही एकच, असे ग्रॅहम व ओपनहायमर यांनी १९६९ मध्ये सुचवले. १९८९ मध्ये ग्लिया पेशींतील (मेंदूतील आधारपेशींतील) विशिष्ट साठे तिन्हींत सापडल्यावर या मताला बळकटी आली.

निदान मुख्यतः रुग्णाच्या तपासणीवर व कालांतराने दिसणाऱ्या बदलांवर अवलंबून असते. पूर्ण खात्री मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. पीएसपीत आजाराच्या सुरुवातीच्या काळातच रुग्ण पडू लागतो, पुष्कळदा मागच्या मागे. नजर खाली वळत नाही. पाटावर बसून जेवताना पुढचे ताट दिसत नाही, अन्न अंगावर सांडते. इंदूरच्या जुन्या वाड्यांतील उभा जिना उतरणे धोक्याचे ठरते. घरचे लोक याचा दोष चष्म्याला देतात. एमएसएत उभे राहताच रक्तदाब घसरतो व लघवीच्या तक्रारी लवकर सुरू होतात. रक्तदाब आडवे असताना आणि उभे राहिल्यावर ३ मिनिटांत पुन्हा मोजावा. सीबीडीत एकच हात निकामी होत जातो. एमआरआयत पीएसपीमध्ये मध्यमस्तिष्क आक्रसलेले दिसू शकते, पण सुरुवातीला चित्र सामान्यही असते.

निदान करण्याआधी रुग्णाच्या औषधांची पिशवी तपासणे आवश्यक आहे. आम्लपित्ताच्या कॅप्सुलमधील लेव्होसल्पिराइड, उलटीवरील मेटोक्लोप्रमाइड, चक्करीवरील सिनारिझिन यांनी हुबेहूब अशीच लक्षणे उद्भवू शकतात. तोल जाणाऱ्या वृद्धाने ‘चक्कर येते’ म्हणावे, सिनारिझिन सुरू व्हावे आणि तोल आणखी जावा, हे चक्र अपरिचित नाही. औषध थांबवल्यावर सुधारणा दिसण्यास काही महिने लागू शकतात.

विकाराची वाढ रोखणारे औषध नाही. तरीही लेव्होडोपा पुरेशा मात्रेत (सहन झाल्यास दिवसाला १,००० मिग्रॅ.पर्यंत) किमान महिनाभर देऊन पाहतात, काही एमएसए रुग्णांना काही काळ उतार पडतो. मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया येथे सहसा करत नाहीत. लेवी बॉडी डिमेन्शियात भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरील औषध देणे घातक ठरू शकते. रिव्हास्टिग्मिन या स्मृतिभ्रंशावरील औषधाला प्राधान्य असते. रक्तदाब घसरत असल्यास झोपताना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच ठेवतात.

गिळण्याच्या त्रासाकडे वेळेवर लक्ष दिले जात नाही. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया हे मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. पातळ चहाने ठसका लागतो, कोरडी शेव घशात अडकते; त्यामुळे इंदुरी घरातील पोहे-शेव-चहा हा नाश्ता दोन्ही बाजूंनी अडचणीचा. पोह्यांऐवजी मऊ खिचडी, दाटसर पेय, ताठ बसून लहान घास आणि वाचा-गिळण तज्ज्ञाचा सल्ला हे उपाय आहेत.

इंदूरमध्ये महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९४८) व त्याच्याशी संलग्न एम. वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालय आहे.