माळढोक संवर्धन

माळढोक (आर्डिओटिस नायग्रिसेप्स, कुल : ओटिडिडी) हा भारतीय उपखंडातील कोरड्या गवताळ माळांवर राहणारा, उडू शकणाऱ्या पक्ष्यांमधील सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक. नर उभा राहिला की मीटरभर उंच भरतो आणि त्याचे वजन १५ किलोपर्यंत जाते. मादी त्याच्या निम्म्याने. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी आणि नराच्या छातीवर काळा पट्टा अशी त्याची ओळख. विणीच्या काळात नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर उभारून घुमतो. त्या घुमण्यावरूनच महाराष्ट्रात त्याला ‘हूम’ असेही म्हणतात. राजस्थानात तो गोडावण आणि तेथील राज्यपक्षी, तर कच्छमध्ये घोराड.

१९६९ च्या सुमारास देशभरात अंदाजे १,२६० माळढोक होते. आज रानात दीडशेच्या आत उरले असावेत आणि तेही जवळजवळ सगळे जैसलमेरच्या वाळवंटी भागात. २०११ पासून आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे. राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचीच निवड व्हावी असा सालिम अली यांचा आग्रह होता. तो मान मोराला मिळाला.

ऱ्हासाची कारणे. पूर्वी बंदुकीने फार माळढोक टिपले. मोठा, मांसल आणि उघड्यावर वावरणारा हा पक्षी जीपमधून सहज मारता येई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत घातले, त्यानंतर शिकार कमी झाली. माळढोक मात्र कमी होतच गेले, कारण माळच कमी होत होता. महसुली कागदावर गवताळ माळ म्हणजे ‘पडीक’ जमीन. जी जमीन पडीक, ती कशाला तरी ‘उपयोगात’ आणलीच पाहिजे, असा विचार सरकारी योजनांत आणि लोकांच्या मनातही मुरलेला. कालव्याचे पाणी आले तिथे ऊस आला, मुरमाड टेकाडावर खाणी आल्या, वारा वाहतो तिथे पवनचक्क्या आणि ऊन पडते तिथे सौर पट्टे आले. झाडे लावणे हे तर पुण्यकर्मच. पण माळावर दाट झाडोरा उभा राहिला, की दूरवर नजर ठेवून जगणारा हा पक्षी ती जागा सोडतो. माळढोकाला कुसळी, पवन्या, शेडा ही गवते हवीत, मध्ये उघडी जमीन हवी आणि कडेला ज्वारी-हरभऱ्याची कोरडवाहू शेते असली तर त्याचे नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, दाणे असे सगळे खाणे तिथेच मिळते.

त्याची वीणही बेताची. मादी पावसाळ्याच्या आसपास उघड्या जमिनीवरच्या उथळ खळग्यात एकच अंडे घालते आणि ते जवळजवळ महिनाभर एकटीच उबवते. त्या दिवसांत गुरांचा कळप अगदी जवळून गेला किंवा भटके कुत्रे फिरकले, की बहुधा त्या वर्षीची वीण वाया जाते.

आजचा सर्वांत मोठा धोका विजेच्या तारांचा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. उडताना तो मान खाली करून जमीन न्याहाळतो, त्यामुळे समोरची बारीक तार त्याला दिसते ती अगदी जवळ आल्यावर. एवढ्या जड अंगाला तेव्हा वळण घेता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासानुसार थरच्या वाळवंटात दरवर्षी सुमारे १८ माळढोक तारांवर आदळून मरत असावेत. वर्षाला एक अंडे घालणाऱ्या, शे-सव्वाशेवर आलेल्या पक्ष्याला हा आकडा पेलणारा नाही.

नान्नजचा अनुभव. १९७० च्या दशकात बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या शिक्षकांनी शहराजवळच्या नान्नज गावच्या माळावरील माळढोकांकडे लक्ष वेधले. अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रमात तेथील काही माळ चराईला बंद केले होते, त्यामुळे गवत वाढले आणि पक्षी स्थिरावले. १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौ. किमी.चे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. एवढ्या क्षेत्रात बहुतेक जमीन खासगी होती. गावेच्या गावे आत आली; खरेदी-विक्री, बांधकाम, रस्ते यांवर बंधने आली आणि ‘त्या पक्ष्यामुळे आमची जमीन अडकली’ ही भावना घराघरात रुजली. ज्या शेतकऱ्याच्या हरभऱ्यात माळढोक चरायचा, तोच त्याच्यावर नाराज झाला, ही या अभयारण्याची खरी हानी. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौ. किमी.पर्यंत घटवले गेले. तोवर उजनीच्या पाण्यावर ऊस पसरला होता आणि राखलेल्या माळांवरही गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली होती. अलीकडे नान्नजला एखाददुसरी मादी दिसली तरी ती बातमी होते.

संवर्धनाचे प्रयत्न. राजस्थानने २०१३ मध्ये माळढोकासाठी स्वतंत्र प्रकल्प हाती घेतला. वन्यजीव संवर्धक एम. के. रणजितसिंह व इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ एप्रिल २०२१ रोजी माळढोकाच्या अधिवासातील तारा शक्य तिथे जमिनीखालून नेण्याचा आणि इतर ठिकाणी तारांवर पक्षीरोधक (पक्ष्यांना तार दुरून दिसावी म्हणून लावायच्या खुणा) बसवण्याचा आदेश दिला. सौरऊर्जेच्या गरजेकडे बोट दाखवत सरकारने हा आदेश पाळणे अवघड असल्याचे सांगितले. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने सरसकट भूमिगत तारांची अट मागे घेऊन तज्ज्ञांची समिती नेमली.

दरम्यान, २०१९ पासून जैसलमेरजवळ सम येथे केंद्र सरकार, राजस्थान वनविभाग आणि भारतीय वन्यजीव संस्था यांचे प्रजनन केंद्र सुरू झाले. रामदेवरा येथे दुसरे उभे राहिले. रानातून उचललेली अंडी उबवणी यंत्रात ठेवून पिल्ले वाढवली गेली. पहिले अंडे लवकर गेले तर मादी पुन्हा अंडे घालू शकते, म्हणून अंडी उचलण्याचा हा धोका पत्करता येतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिले पिल्लू जन्मले. केंद्रांतील पक्षी आता साठांच्या वर गेले आहेत. माणसाच्या हातून किडे खाऊन वाढलेले हे पक्षी माणसाला बिचकत नाहीत. म्हणून त्यांना थेट रानात सोडण्याऐवजी त्यांच्या पुढच्या पिढीला माणसापासून लांब वाढवून सोडण्याचा विचार आहे. त्या पिढीसाठी तारा नसलेले, कुत्रे नसलेले आणि पडीक न ठरवलेले गवताळ पट्टे आतापासूनच राखावे लागतील.

नान्नजच्या राखीव माळावर आजही काळवीट आणि लांडगे आहेत, आणि पावसानंतर कुसळी गुडघ्याएवढी वाढते.