पाळीव भूचर कासवे

टेस्टुडिनिडी कुळातील, जन्मभर जमिनीवर राहणारी आणि माणसाने घरी किंवा अंगणात सांभाळलेली कासवे. पाठ घुमटासारखी, पाय हत्तीच्या पायांसारखे खांबवजा. बोटांमध्ये पडदा नसल्याने खोल पाण्यात ही कासवे बुडून मरतात. आपल्याकडे दुकानांत काचेच्या भांड्यात मिळणारे, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे पिल्लू या कुळातले नव्हे. ते अमेरिकेतले पाणकासव. नाण्याएवढे आणलेले ते पिल्लू ताटलीएवढे झाले की लोक त्याला जवळच्या तळ्यात सोडून देतात आणि तिथल्या देशी पाणकासवांच्या वाट्याला नवा स्पर्धक येतो.

जात निवडताना रूपाआधी मुलूख पाहावा. मध्य आशियातले स्टेपी कासव जेमतेम १५ ते २० सेंटिमीटरचे, काटक आणि कोरड्या हवेचे. (१९६८ मध्ये सोव्हिएत ‘झोंड ५’ यानातून चंद्राला वळसा घालून दोन कासवे जिवंत परतली, ती याच जातीची.) दक्षिण युरोपातले हर्मन कासव ब्रिटनमधल्या बागांत रुळले आहे, मात्र रानातून पकडलेल्या भूमध्य प्रदेशातील कासवांचा व्यापार तिथे १९८४ मध्ये बंद झाला. दक्षिण अमेरिकेतल्या लाल पायांच्या कासवाला दमट हवा लागते आणि पाल्याबरोबर फळेही चालतात. तीच फळे स्टेपी कासवाचे पोट बिघडवतात.

सर्वांत जास्त फसगत होते ती सल्काटाच्या बाबतीत. सहाराच्या दक्षिण कडेला राहणाऱ्या या कासवाचे पिल्लू तळहातावर मावते, प्रौढ नर मात्र ४५ किलोंच्याही पुढे जातो, लांबलचक बिळे खणतो आणि कुंपणाला धडका देतो. त्याला थंडीची झोप (हिवाळाभर निपचित पडून राहणे) नसते, म्हणजे गार देशात हिवाळाभर उबदार खोली हवी. सदनिकेत राहणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

पिंजऱ्यातल्या कासवाचे दुखणे बहुधा उजेडात आणि पाण्यात असते. अतिनील किरणांशिवाय त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होत नाही, मग आहारातले कॅल्शियम शोषले जात नाही आणि कवच मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी उपयोगाचे नाही, कारण काच हे किरण अडवते. उघडे ऊन किंवा खास दिवा हवा. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला सावली, म्हणजे कासव आपले आपण हलते. लहान पिल्लाला फार कोरड्या हवेत वाढवले तर पाठीवरचा एकेक चौकोन टेकडीसारखा वर येतो, आणि तो पुन्हा सपाट होत नाही. म्हणून पिल्लाला हनुवटीपर्यंत येईल एवढ्या कोमट पाण्यात बसवतात. ते मान लांब करून पाणी पिते आणि थोड्या वेळाने लघवीतला पांढरट, घट्ट क्षार सोडते. हा क्षार वाळूसारखा खरखरीत झाला तर पाणी कमी पडते आहे असे समजावे.

आहार गवत, रानपाला, जास्वंदीची पाने-फुले, काटे काढलेला फड्या निवडुंग. सोबत चोच घासायला समुद्रफेसाचा तुकडा. पोळी, भात, दूध, मांजराचे खाणे मुळीच नको. हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण निरोगी दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात. थंडीत झोपणाऱ्या जातींसाठी ब्रिटनमधले अनुभवी पालक कासवाला झोपवायला चक्क वेगळा फ्रिज ठेवतात: ५ अंशांच्या आसपास तापमान, रोज दार उघडून हवा, ठरावीक दिवसांनी वजन. आजारी कासवाला झोपवू नये.

भारतात देशी कासव पाळणे हा गुन्हाच आहे. पिवळ्या चांदण्यांच्या नक्षीचे स्टार कासव ‘घरात असले की लक्ष्मी येते’ या समजुतीपायी आजही चोरून विकले जाते, पाय चिकटपट्टीने बांधून बॅगांत भरले जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ते आहे, आणि २०१९ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. सल्काटासारख्या परदेशी संरक्षित जाती बाळगणाऱ्याला २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. कुणाकडे स्टार कासव असेल तर ते शेतात किंवा टेकडीवर सोडू नये. ते मूळचे कुठले हे ठाऊक नसते आणि त्याचा आजार रानातल्या कासवांना लागू शकतो. ते वन विभागाच्या ताब्यात द्यावे.