केजमधला काळोख आणि फोटॉनांची मोजदाद

फोटोग्राफी शिकवणाऱ्या व्हिडिओंमध्ये एक सल्ला हमखास ऐकू येतो: "आयएसओ वाढवू नका, फोटोत नॉइज येतो." आयएसओ म्हणजे फोटो किती उजळ करायचा ते ठरवणारी कॅमेऱ्याची सेटिंग, आणि नॉइज म्हणजे फोटोत दिसणारे दाणे. ऐकणारा तो प्रमाण मानतो आणि मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, म्हणजे एमएमएची लढत टिपायला गेला की आयएसओ ८०० वर अडवून ठेवतो. मग पुरेसा उजेड मिळावा म्हणून शटर, म्हणजे प्रकाश आत सोडणारी झडप, जास्त वेळ उघडी ठेवावी लागते आणि ठोसा मारणाऱ्या हाताच्या जागी पुसट पट्टा उमटतो. शटर वेगवान ठेवलं तर फोटो काळवंडतो, आणि संगणकावर उजळायला घेतला की जो नॉइज टाळायचा होता तोच सगळा वर येतो. हा सल्ला चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे पाहायला गेलं की प्रकाशाच्या स्वभावातली एक मूलभूत गोष्ट समोर येते, आणि ती मला कॅमेऱ्याच्या कुठल्याही नव्या मॉडेलपेक्षा जास्त रोमांचक वाटते.

आधी उजेड किती असतो ते पाहू. यूएफसी या एमएमएच्या सर्वात मोठ्या स्पर्धेचा अष्टकोनी केज, म्हणजे लढतीचा जाळीचा पिंजरा, आतून सुमारे ३० फूट रुंद असतो. दिवे वर टांगलेले आणि भोवतीचा प्रेक्षक अंधारात. आपल्याला केज लख्ख दिसतो, कारण डोळे जुळवून घेतात. कॅमेऱ्याला मात्र साधारण एफ/२.८ (हे लेन्सच्या भोकाचं, म्हणजे अॅपर्चरचं माप; आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं), १/१००० सेकंद शटर आणि आयएसओ ३२०० एवढं लागतं. उलटा हिशोब केला तर हा उजेड ६५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आसपास येतो. भर दुपारच्या उन्हात ८० हजार लक्सच्या वर उजेड असतो, म्हणजे इथल्या शंभरपटीहून जास्त. छोट्या स्पर्धांमध्ये तर यूएफसीच्या निम्माही उजेड नसू शकतो.

१/१००० सेकंदच का? चांगल्या ठोशात मूठ सेकंदाला १० मीटरच्या आसपास वेगाने जाते. १/१००० सेकंदात ती एक सेंटिमीटर सरकते. १/२५० ठेवलं तर चार सेंटिमीटर, म्हणजे जवळपास अर्ध्या मुठीएवढी. तेवढ्यात ग्लोव्हची शिवण, घामाचे थेंब, सगळं पुसलं जातं.

आता मुख्य मुद्दा. प्रकाश सलग धारेने येत नाही, सुट्या सुट्या फोटॉनांनी, म्हणजे प्रकाशाच्या कणांनी येतो. आइन्स्टाइनने ही कल्पना १९०५ साली मांडली. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरमध्ये सिलिकॉन असतं, आणि तो पिक्सेल नावाच्या बारीक चौकोनांत विभागलेला असतो. त्यात शोषला गेलेला प्रत्येक फोटॉन एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि तो पिक्सेलमध्ये साठतो. शटर बंद झालं की प्रत्येक पिक्सेलमध्ये किती इलेक्ट्रॉन जमले ते मोजलं जातं. फोटो म्हणजे ही मोजदाद.

पावसाचे पहिले थेंब पडू लागले की फरश्यांकडे बघा. सगळ्या फरश्या सारख्या आकाराच्या, पाऊसही सगळीकडे सारखाच, तरी एका फरशीवर पाच थेंब पडतात, शेजारच्या फरशीवर दोन आणि तिसरीवर आठ. फरशीत काही दोष नाही. थेंब एकमेकांना विचारून पडत नाहीत, एवढंच. फोटॉनांचं तसंच आहे. एकसारखा उजेड पडलेल्या दोन शेजारच्या पिक्सेलांतही आकडा वेगवेगळा येतो, आणि हा फरक म्हणजेच फोटोतले दाणे.

या फरकाला नियम आहे. फ्रेंच गणिती पॉइसाँ याने १८३७ साली मांडलेल्या गणितानुसार, सरासरी जेवढी मोजणी येते तिच्या वर्गमूळाइतका चढउतार होतो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एका पिक्सेलची बाजू सहा मायक्रोमीटर असते. वर दिलेल्या सेटिंगवर मध्यम उजळ भागात अशा पिक्सेलमध्ये साधारण ३०० इलेक्ट्रॉन जमतात. ३०० चं वर्गमूळ १७, म्हणजे चढउतार सुमारे सहा टक्के. तोच फोटो उन्हात आयएसओ १०० वर काढला, तर पिक्सेलमध्ये १० हजारांच्या घरात इलेक्ट्रॉन जमतात. त्याचं वर्गमूळ १००, चढउतार फक्त एक टक्का. उलट, केजमधल्या खेळाडूच्या काळ्या शॉर्ट्सवर जेमतेम २५ इलेक्ट्रॉन मिळाले तर चढउतार पाच, म्हणजे २० टक्के! सावलीतच दाणे का दिसतात याचं उत्तर हेच आहे. जिथे मोजायलाच थोडं आहे, तिथे फरक मोठा दिसतो.

मोजणीच्या या नियमात आयएसओ कुठेच आला नाही. किती फोटॉन येणार हे तीनच गोष्टी ठरवतात: समोरचा उजेड, लेन्सचं अॅपर्चर आणि शटर किती वेळ उघडं राहिलं. आयएसओ त्यानंतर कामाला लागतो. जमलेल्या इलेक्ट्रॉनांचा विद्युत संकेत किती पटीने मोठा करायचा, हे तो सांगतो. आयएसओ वाढवलेल्या फोटोत दाणे दिसतात, कारण आपण आयएसओ वाढवतोच मुळी उजेड कमी असताना.

इथे थोडं खोलात जाऊ. पिक्सेलमधला आकडा वाचताना इलेक्ट्रॉनिक्सही थोडी भर घालतं. त्याला रीड नॉइज म्हणतात. दोन स्वतंत्र नॉइजची सरळ बेरीज होत नाही. त्यांचे वर्ग मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. २५ इलेक्ट्रॉनांच्या संकेतात प्रकाशाचा स्वतःचा नॉइज पाच. रीड नॉइज दोन असेल तर एकूण येतो ५.४, म्हणजे फारसा फरक नाही. पण रीड नॉइज १० असेल तर एकूण ११ च्या वर जातो आणि सावलीचा चिखल होतो. आता यातली खरी गंमत बघा. रीड नॉइजचा एक भाग अॅम्प्लिफायरच्या, म्हणजे संकेत मोठा करणाऱ्या भागाच्या आधी मिसळतो आणि एक भाग नंतर, संकेताचं आकड्यात रूपांतर होताना. आयएसओ वाढवला की संकेत आधीच मोठा होऊन पुढे जातो आणि नंतर मिसळणारा नॉइज त्याच्यापुढे किरकोळ ठरतो. त्यामुळे शटर आणि अॅपर्चर तेच ठेवून आयएसओ ४०० वर फोटो काढला आणि नंतर आठपट उजळला, तर तो थेट ३२०० वर काढलेल्या फोटोपेक्षा जास्त स्वच्छ कधीच येत नाही. काही सेन्सरांत दोन्ही सारखे दिसतात, काहींत कमी आयएसओचाच फोटो सावलीत जास्त खराब निघतो. आयएसओ वाढवण्याची खरी किंमत वेगळीच आहे: उजळ भाग लवकर पांढरेफटक होतात. लढतीत याचा पहिला फटका घामाने चकाकणाऱ्या कपाळाला आणि खांद्यांना बसतो.

"अंधारातही दिवसासारखे फोटो" अशी जाहिरात करणाऱ्या फोनांबद्दलही बोललं पाहिजे. नाइट मोड खोटा नाही. तो अनेक फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढतो. १६ फ्रेम एकत्र केल्या की नॉइज एक चतुर्थांश होतो. पण त्यासाठी समोरचं दृश्य जागेवर थांबलेलं हवं, आणि मूठ थांबत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने नॉइज काढणारी सॉफ्टवेअर उपयोगी आहेत, मीही वापरतो. मात्र जे फोटॉन सेन्सरवर पोचलेच नाहीत, ते कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. ते अंदाज बांधतं. भुवईवरची छोटी जखम दाणे समजून पुसली गेली, किंवा दाण्यांतून नसलेली जखम तयार झाली, तर बातमीसाठी काढलेल्या फोटोत ती फसवणूकच ठरते.

मग फोटॉन वाढवायचे कसे? फ्लॅश हा जुना उपाय. १९६५ सालचा नील लाइफर यांचा गाजलेला फोटो, ज्यात मोहम्मद अली खाली पडलेल्या सॉनी लिस्टनवर ओरडतो आहे, तो रिंगच्या वर टांगलेल्या फ्लॅशच्या उजेडात काढलेला होता. हे फ्लॅश एकदा उडाले की पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागे, त्यामुळे क्षण नेमका निवडावा लागे. आज केजशेजारी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सहसा चालू देत नाहीत, कारण तो खेळाडूच्या डोळ्यांवर येतो.

राहिलं अॅपर्चर. एफ/२.८ वरून एफ/१.४ वर गेलं की चौपट उजेड मिळतो आणि नॉइजचं प्रमाण निम्मं होतं. पण ७० मिमी लेन्सला एफ/२.८ वर चार मीटर अंतरावर सुमारे अर्धा मीटर खोलीपर्यंत फोकस मिळतो. ८५ मिमी लेन्सला एफ/१.४ वर जेमतेम १८-१९ सेंटिमीटर. ठोसा मारणाऱ्याचा चेहरा नीट आला, तर खाणाऱ्याचा गेला. मी तरी एफ/२.८ वरच थांबेन.

जाळीचाही हिशोब आहे. ७० मिमी लेन्सचं एफ/२.८ वर भोक २५ मिलिमीटरचं असतं. लेन्स जाळीला टेकवली की तार फोटोत दिसत नाही, पण ती भोकासमोर आली तर तिच्या रुंदीएवढा उजेड अडवतेच आणि फोटो फिका पडतो. म्हणून लेन्सचा मध्य जाळीच्या मोकळ्या चौकोनात बसवायचा.

आणखी एक मार्ग आहे, आणि तो वेळेचा आहे. सेकंदाला २० फ्रेम काढणारा कॅमेरा असला तरी दोन फ्रेमच्या मधे मूठ अर्धा मीटर जाते, म्हणजे नुसतं बटण दाबून धरल्याने ठोसा लागल्याचा क्षण मिळेलच असं नाही. पण मूठ जबड्यावर टेकते तेव्हा तिचा वेग झपाट्याने उतरतो. उंच उचललेली लाथ वर पोचून परतताना क्षणभर जवळजवळ थांबते. खेळाडूच्या खांद्याची आणि कमरेची हालचाल ओळखून त्या क्षणी बटण दाबलं, तर १/५०० सेकंदही पुरतं, आणि उजेड दुप्पट मिळतो.

आयएसओ ६४०० वर काढलेला फोटो संगणकावर शंभर टक्के मोठा करून बघितला की दाणेच दाणे दिसतात. तोच २४ मेगापिक्सेलचा फोटो ६ मेगापिक्सेलचा केला की चार पिक्सेलांची मोजणी एकत्र येते आणि नॉइज निम्मा होतो. छापील पानावर आणि फोनच्या पडद्यावर तो याहूनही लहान होतो, आणि तिथे दाणे शोधावे लागतात.