एबीएसचा दिवा लागला म्हणजे सेन्सर जळालाच का?

"एबीएसचा दिवा लागला की चाकाचा सेन्सर गेला, नवाच टाका" असा मेसेज ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर कायम फिरत असतो. एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. दिव्याचा अर्थ एवढाच, की तिच्या कंट्रोल युनिटला (कॉम्प्युटरला) कुठेतरी दोष दिसला, उदाहरणार्थ चाकाचा वेग सांगणाऱ्या सेन्सरकडून बरोबर सिग्नल मिळत नाही. पुष्कळदा सेन्सर चांगला असतो, फक्त मागे सरकलेला असतो.

सेन्सर स्प्रिंग क्लिपच्या पकडीवर बसतो, चाकाबरोबर फिरणाऱ्या दातेरी रिंगसमोर. चाकाची बेअरिंग ढिली झाली की ही रिंग डुलते आणि सेन्सरला मागे ढकलते. शेतातून कापूस भरून निघालेल्या गाडीच्या हबला काळी माती चिकटते, पावसाळ्यात कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. दोष तिथेही असू शकतो.

तपासायला मल्टीमीटर पुरे. बाकीच्या चाकांना उटी लावा, ज्या चाकाचा संशय आहे ते उचलून स्टँडवर घ्या, इग्निशन बंद करून सेन्सरचा कनेक्टर सोडवा. मीटर ओहमवर ठेवून सेन्सरच्या दोन पिनांत साधारण 900 ते 2500 ओहम यायला हवेत (नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात). अनंत आले तर आतली तार तुटली. मग मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक दोन सेकंदांत एक फेरा या वेगाने फिरवा: निदान 0.2 व्होल्ट हवेत. ओहम बरोबर पण व्होल्ट कमी असतील, तर सेन्सर रिंगला टेकेपर्यंत हाताने दाबा, हातोडी नको. पुन्हा मागे सरकला तर आधी बेअरिंग बघा.

दुरुस्तीनंतर काही गाड्यांत दिवा थोडं अंतर चालवल्यावरच विझतो. त्याआधी नवा सेन्सर आणायला धावू नका.