‘फ्लॅशबॅक’ या शब्दामागे: भ्रमकारी द्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या मनोविकारांच्या लक्षणांची पार्श्वभूमी

एलएसडी, सायलोसायबिन असलेली अळिंबी, मेस्कलिन आणि त्यांच्या जातकुळीतली इतर भ्रमकारी द्रव्ये घेतल्यावर माणसाला काय दिसते आणि काय वाटते, याची वर्णने आता पुरेशी परिचित आहेत. त्यापुढच्या टप्प्याचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. नशा उतरायला हवी होती त्यानंतरही जे मागे राहते, त्याला आजार केव्हापासून म्हणायचे आणि म्हटलेच तर कोणत्या सदरात नोंदवायचे, यावर सत्तरहून अधिक वर्षे वाद चालू आहे. लक्षणांची यादी या काळात थोडीच बदलली. घड्याळ आणि नावे मात्र पुन्हा पुन्हा बदलत गेली.

घरचे लोक रुग्णाला घेऊन येतात तेव्हा ‘याला भास होतात’ एवढेच सांगतात, आणि त्या एका शब्दात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. दोरी पडलेली असताना साप दिसणे हा भ्रम झाला. तिथे काहीही नसताना साप दिसणे हा निर्वस्तुभ्रम. आणि शेजाऱ्याने हा साप मुद्दाम सोडला आहे अशी कोणत्याही पुराव्याने न हलणारी समजूत म्हणजे संभ्रम. एलएसडीच्या नेहमीच्या मात्रेत बहुतेक वेळा पहिला प्रकार घडतो: भिंत श्वास घेतल्यासारखी हलते, फरशीची नक्षी सरकू लागते, समोरच्याचा चेहरा ओघळतो, पण भिंत, फरशी आणि चेहरा जागेवर असतातच. याच्या उलट धोतऱ्याची विषबाधा झालेला माणूस बोटांच्या टोकांतून नसलेले धागे ओढत बसतो, अंथरुणावरून काहीतरी वेचत राहतो, खोलीत नसलेल्या माणसाशी पुटपुटतो, आणि शुद्धीवर आल्यानंतर यातले त्याला फारसे आठवत नाही. वैद्यकात या अवस्थेला मुग्धभ्रांती म्हणतात. म्हणजे ज्या द्रव्यांना भ्रमकारी हे नाव चिकटले त्यांच्यापेक्षा अस्सल निर्वस्तुभ्रम आपल्या उकिरड्यावर उगवणारा धोतराच अधिक घडवतो. वर्गीकरणाच्या गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

एकोणिसाव्या शतकाबद्दल थोडक्यात सांगता येईल. मेस्कलिन १८९७ मध्ये निवडुंगापासून वेगळे करण्यात आले आणि १९१९ मध्ये ते प्रयोगशाळेत तयार झाले. हिंदुस्थानात १८९३-९४ साली सरकारी आयोगाने गांजा, भांग आणि चरस यांची चौकशी केली, तेव्हा वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे तपासली गेली. १८९२ सालच्या ज्या २२२ रुग्णांच्या वेडाचे कारण गांजा वा तत्सम पदार्थ म्हणून लिहिले होते, त्यांपैकी फेरतपासणीत ९८ प्रकरणेच टिकली. कारणाच्या रकान्यातला मजकूर पुष्कळदा रुग्णासोबत पोलिसांकडून आलेल्या वर्णनपत्रकातून उतरवून घेतलेला असे, आणि गांजा ओढणारा वेडा झाला की गांजामुळेच वेडा झाला असे धरले जाई. गांजा आज रोगवर्गीकरणात भ्रमकारी द्रव्यांपासून वेगळ्या गटात आहे, तरी तो रकाना इथे आठवावा लागतो, कारण पुढच्या शतकातही तो तसाच भरला गेला.

एलएसडी १९३८ मध्ये बाझेलच्या एका औषध कंपनीत प्रथम तयार झाले. १९ एप्रिल १९४३ रोजी ते तयार करणाऱ्या रसायनतज्ज्ञाने २५० मायक्रोग्रॅम स्वतः घेतले आणि अस्वस्थ वाटू लागल्यावर तो मदतनिसाबरोबर सायकलवरून घरी गेला. घरातले सामान त्याला धमकावू लागले. दूध घेऊन आलेली शेजारीण रंगीत मुखवटा घातलेली दुष्ट चेटकीण वाटली. आपल्यात सैतान शिरला आहे आणि आपण कायमचे वेडे झालो आहोत, अशी त्याची खात्री झाली. डॉक्टर आले, त्यांना विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काहीही सापडले नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो ठणठणीत होता. भीती, संशय, स्वतःपासून तुटल्याची जाणीव आणि वेड लागल्याची धास्ती ही चारही लक्षणे मनोविकारांच्या निदानासाठीच्या आजच्या नियमावल्यांत जशीच्या तशी आढळतात. या प्रसंगात नव्हते ते फक्त लांबण.

पुढच्या दशकात या द्रव्याकडे आजाराची प्रतिकृती म्हणून पाहिले गेले. १९४७ पासून ते मनोविकारतज्ज्ञांना पुरवले जाऊ लागले, तेव्हा सोबतच्या माहितीपत्रकात एक उपयोग असाही होता की डॉक्टरांनी ते स्वतः घेऊन रुग्णाच्या जगाचा अनुभव घ्यावा. नशेतली अवस्था म्हणजे काही तासांचा स्किझोफ्रेनिया, ही कल्पना आकर्षक होती, पण ती लक्षणांच्या पातळीवरच अडखळली: स्किझोफ्रेनियात मुख्यतः आवाज ऐकू येतात, इथे मुख्यतः दृष्टी बदलते, तिथे रुग्णाला आपण आजारी आहोत हे बहुधा पटत नाही, इथे बहुतेकांना हे औषधाने होते आहे याचे भान असते. त्या आजाराच्या अधिक जवळ जाणारे चित्र फेन्सायक्लिडीन या भुलीच्या औषधाने उभे केले. ते माणसांसाठी वापरणे १९६५ मध्ये थांबवावे लागले, आणि पुढे ते अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ संघटनेच्या निदान-नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत भ्रमकारी द्रव्यांच्याच प्रकरणात बसवले गेले, हे अनेक डॉक्टरांना आजही खटकते.

लक्षणे किती दिवस टिकतात याची पहिली मोठी मोजणी १९६० मध्ये अमेरिकेत झाली. डॉक्टरांना प्रश्नावल्या पाठवून सुमारे ५,००० व्यक्ती आणि २५,००० मात्रांची माहिती गोळा करण्यात आली आणि ४८ तासांहून अधिक टिकलेली मनोविकृती, म्हणजे वास्तवाचे भान सुटलेली अवस्था, ही गंभीर घटना मानली गेली. निरोगी स्वयंसेवकांत तिचे प्रमाण दर हजारी ०.८, तर मानसोपचार घेणाऱ्या रुग्णांत दर हजारी १.८ निघाले. आकडे लहान होते आणि ते देखरेखीखालच्या वापराचे होते. पुढे तेच आकडे एका बाजूने द्रव्य निर्धोक असल्याचा दाखला म्हणून आणि दुसऱ्या बाजूने धोक्याचा पहिला इशारा म्हणून वापरले. ४८ तासांची ती रेषा मात्र टिकली: जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीच्या संशोधन-निकषांत द्रव्यजन्य मनोविकृती सेवनानंतर दोन आठवड्यांच्या आत सुरू झालेली, ४८ तासांहून अधिक टिकलेली आणि सहा महिन्यांच्या आत संपलेली असावी, असे ठरले. अमेरिकी नियमावलीने याच कामासाठी साधारण एक महिन्याची मुदत धरली. त्यामुळे तीन महिने लक्षणे राहिलेला एकच तरुण एका पुस्तकानुसार द्रव्यजन्य मनोविकृतीचा रुग्ण ठरू शकतो आणि दुसऱ्यानुसार त्याच्यासाठी स्वतंत्र मनोविकाराचा विचार सुरू होतो.

खरा गुंता ‘फ्लॅशबॅक’ या शब्दाचा आहे. मेस्कलिनचा अनुभव लिहून ठेवणाऱ्या एका इंग्रज लेखकाने १८९८ मध्येच पुढे काही काळ प्रकाश, सावली आणि रंग आपल्याला अधिक तीव्रतेने जाणवत राहिल्याचे नोंदवले होते. १९५४ मध्ये इंग्लंडमध्ये एलएसडीने उपचार केलेल्या रुग्णांत औषध न घेताही अनुभव परतल्याची नोंद झाली. १९६० च्या दशकाअखेरीस या सगळ्याला सिनेमातून उचललेले नाव मिळाले आणि तेव्हापासून त्या एका नावाखाली किमान तीन प्रकारच्या तक्रारी एकत्र आल्या. एकात जुन्या नशेतला प्रसंग काही क्षण जसाच्या तसा परततो. दुसऱ्यात भीतीचा झटका येतो, छाती धडधडते, हात गार पडतात आणि आपण पुन्हा नशेत आहोत असे वाटते. तिसऱ्यात प्रसंग, आठवण, भावना असे काहीच परतत नाही. फक्त दृष्टी बिघडलेली राहते आणि ती महिनोन्‌महिने तशीच असते.

हा तिसरा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. हात डोळ्यांसमोरून फिरवला की मागे हातांची एक मालिका रेंगाळते. दिव्याभोवती कडे दिसते. लाल वस्तूवरून नजर हटवली तरी तिचा ठसा पांढऱ्या भिंतीवर राहतो. नजरेच्या कडेला काहीतरी हलले असे वाटून माणूस मान वळवतो आणि तिथे काहीच नसते. पुस्तकाच्या ओळी थरथरतात, अंधाऱ्या खोलीत रंगांचे ठिपके चमकतात, वस्तू आहेत त्यापेक्षा लहान वा मोठ्या भासतात. हे खरे नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते, आणि बहुधा म्हणूनच तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे आधी जातो. तिथे चष्म्याचा नंबर निघतो किंवा काहीच निघत नाही. मग आपला मेंदू कायमचा बिघडला ही चिंता सुरू होते, आणि आधीच्या लक्षणापेक्षा ती चिंताच अधिक छळते.

१९८३ मध्ये १२३ एलएसडी वापरणाऱ्यांच्या अभ्यासातून या दृश्य तक्रारींचे पद्धतशीर वर्णन झाले आणि १९८७ च्या अमेरिकी नियमावलीत त्यांना संवेदनदोष म्हणून स्वतंत्र जागा मिळाली. १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ‘टिकून राहणारा संवेदनदोष’ असे नाव पक्के झाले, पण नावापुढे कंसात ‘फ्लॅशबॅक’ हा शब्दही ठेवला गेला. जुनी नोंद शोधणाऱ्यांची सोय म्हणून हे समजण्यासारखे आहे. तरी ज्या शब्दाने गोंधळ केला त्यालाच दारात उभे करून नवे घर बांधले, असेच म्हणावे लागते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीने याहून विचित्र तडजोड केली. तिच्यात फ्लॅशबॅक हा ‘उर्वरित व विलंबाने सुरू होणारी मनोविकृती’ या सदराखाली येतो आणि तिथल्याच स्पष्टीकरणात असे लिहिले आहे की काही सेकंद वा मिनिटे टिकणे आणि पूर्वीच्या नशेतला अनुभव हुबेहूब परतणे, यांवरून तो मनोविकृतीपासून वेगळा ओळखता येतो. ज्या सदराखाली ठेवले, त्या सदरातलाच तो नव्हे, असे मजकूरच सांगतो. शिवाय महिनोन्‌महिने अखंड चालणारा दृष्टिदोष या क्षणिक व्याख्येत मावत नाही तो नाहीच.

हा निव्वळ कागदी वाद नव्हता. केसपेपरवर मनोविकृती असे लिहिले गेले की मनोविकृतीरोधक गोळ्या सुरू होतात, आणि त्यांपैकी रिस्पेरिडोन दिल्यावर दृश्य तक्रारी वाढल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवली गेली आहेत. इस्राएलमध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या अभ्यासात अशा १६ रुग्णांना दोन महिने रोज २ मिलिग्रॅम क्लोनाझेपाम हे शामक औषध दिले, तेव्हा बहुतेकांना आराम पडला; ते औषधही सवय लावणारे आहे, ही अडचण उरतेच.

हा विकार किती जणांना होतो, याबद्दल नियमावलीच्या पाचव्या आवृत्तीत ४.२ टक्के असा आकडा आहे. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑनलाइन पाहणीतून आला. द्रव्यांविषयी माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर आपणहून आलेल्या २,४५५ जणांपैकी तेवढ्यांनी आपल्या तक्रारी उपचार घेण्याचा विचार करण्याइतक्या त्रासदायक असल्याचे सांगितले होते. त्यांना कोणत्याही डॉक्टरने तपासले नव्हते. इतक्या पातळ पायावरचा आकडा पाठ्यपुस्तकांत फिरत राहतो, याचे नवल वाटते.

आपल्याकडे १९६० च्या दशकाअखेरीस गोव्याच्या हणजुणे किनाऱ्यावर परदेशी पाहुण्यांबरोबर एलएसडी आले आणि पुढे संगीतमेळ्यांतून ते स्थानिक तरुणांपर्यंत पोचले. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली त्याची ‘अल्प मात्रा’ ०.००२ ग्रॅम इतकी ठरवली आहे, यावरून ते शोषवलेल्या, टपाल तिकिटापेक्षाही छोट्या कागदाच्या तुकड्यात किती बळ असते याची कल्पना यावी. कागदावर नेमके कोणते रसायन आहे, हे घेणाऱ्यालाही सहसा माहीत नसते, त्यामुळे लक्षणावरून द्रव्य ओळखणे अवघड होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने द्रव्यसेवनाशी निगडित मानसिक अवस्था आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि निदानासाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या ताज्या आवृत्तीचा उल्लेख केला, म्हणून वर सांगितलेली सदरांची ओढाताण इथल्या रुग्णालाही लागू होते. २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत द्रव्यजन्य मनोविकृतीची व्याख्या करताना लक्षणांची तीव्रता किंवा मुदत नेहमीच्या नशेपेक्षा बरीच अधिक असावी, असे म्हटले आहे. ‘बरीच’ म्हणजे किती, हे डॉक्टरच्या अंदाजावर सोडले आहे.

गेल्या काही वर्षांत जुना प्रश्न मोठ्या आकड्यांनिशी परतला. १,३०,१५२ अमेरिकी प्रौढांच्या २०१३ मधील विश्लेषणात भ्रमकारी द्रव्ये घेतलेल्या सुमारे २२,००० जणांत मानसिक तक्रारी अधिक आढळल्या नाहीत. २०२० च्या संकलित अभ्यासात मात्र भ्रमकारी द्रव्यांमुळे मनोविकृती झालेल्यांपैकी २६ टक्के रुग्णांचे निदान पुढे स्किझोफ्रेनिया असे बदलले. गांजासाठी हेच प्रमाण ३४ टक्के होते. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण पहिल्यात द्रव्य घेणारे सगळे आहेत आणि दुसऱ्यात आजारी पडलेलेच. कॅनडातील ओंटारियो प्रांताच्या २०२४ च्या अभ्यासात ९२ लाख लोकांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. भ्रमकारी द्रव्यांमुळे तातडीच्या विभागात आलेल्या ५,२१७ जणांत तीन वर्षांच्या आत सुमारे ४ टक्क्यांना स्किझोफ्रेनियाच्या गटातले निदान झाले. वय आणि लिंग जमेस धरता हा धोका सर्वसामान्य लोकांच्या २१ पट होता. आधीचे मानसिक आजार आणि इतर व्यसने वजा केल्यावर तो साडेतीन पटीवर आला. गांजाच्या रकान्याबद्दल सव्वाशे वर्षांपूर्वी पडलेला प्रश्न या दोन आकड्यांमधल्या अंतरात दिसतो.

दरम्यान ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी निवडक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन देण्याची मुभा दिली. अशा उपचारांच्या चाचण्यांत दीर्घकाळ टिकणारी मनोविकृती क्वचितच आढळते. स्वतःला पूर्वी मनोविकृती झालेली किंवा जवळच्या नातेवाइकात स्किझोफ्रेनिया असलेली व्यक्ती या चाचण्यांत सहसा घेतलीच जात नाही, आणि किनाऱ्यावरच्या मेळ्यात कागदाचा तुकडा हातात देणारा हे विचारत नाही.